दिवाळीची बाहुली मागवली होती

या ग्रुपवर मी बरेच दिवस आहे, पण फक्त वाचते. लिहिते आज पहिल्यांदाच. खरं सांगायचं तर इथले निम्मे अनुभव वाचून मी हसलेली आहे... राग मानू नका. माझं डी. फार्म झालंय आणि सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात आमचं मेडिकल आहे. अंगात आलेल्या बाईला घरचे आधी कुठे कुठे नेतात आणि मग थकून गोळ्या घ्यायला माझ्याकडे कधी येतात, हे मी काउंटरमागून कायम बघत आलेय. दुकानाला लिंबू-मिरचीसुद्धा मी लावू दिलेली नाही. तरी हे लिहितेय, कारण जे झालं त्याचे दोन व्हिडिओ माझ्या मोबाईलमध्ये आहेत, आणि ते पाहिल्यावर ‘भास झाला असेल’ असं माझं मलाच म्हणता येत नाही.

आधी माझ्या छंदाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी बाहुल्या जमवते. लहान मुली खेळतात त्या नाही — फॅशन डॉल म्हणतात त्या, फूटभर उंच, लांब पायांच्या, केस-बिस नीट केलेल्या. आणि त्यातही फक्त सणाच्या. माझ्याकडे काळी साडी नेसलेली, हलव्याचे दागिने घातलेली संक्रांतीची आहे. लाल मखमली गाऊनमधली नाताळची आहे, ती सगळ्यात महाग. ईदचा शरारा घातलेली एक हैदराबादहून मागवली. होळीसाठी वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरच्या एका बाईंकडून आरशांची फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, शिवून घेतली होती, एवढीशी, ती बघायला तर शेजारपाजारच्या बायका मुद्दाम येतात. काचेचं कपाट करून घेतलंय, त्यात लाइट लावलेत. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. त्यामुळे त्या कपाटाकडे बघून लोक मनात काय म्हणतात ते मला कळतं. मी मनावर घेत नाही.

घरात आम्ही तिघं होतो. मी, माझे मिस्टर दत्ता, आणि सासूबाई. सासूबाईंना मी मामी म्हणायचे, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मामींचं वय सत्तरच्या पुढे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याला पुसटच दिसायचं. बोलायच्या अगदी कमी. भांडण नाही, तक्रार नाही, कौतुकही नाही. माझ्या बाहुल्यांबद्दल त्या एवढ्या वर्षांत एकदाच काहीतरी बोलल्या होत्या. मी कपाट पुसत होते, तर मागून म्हणाल्या, “सण सरला तरी कपडे बदलीत न्हाईस व्हय ह्यायचे?” बस्स.

तर झालं असं, की दिवाळीच्या आधी मी नागपूरच्या एका बाईंकडून एक बाहुली घेतली. आमचा बाहुल्या जमवणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यातली ओळख. त्यांना नीलिमाताई म्हणू. त्या जुन्या बाहुल्या घेऊन, दुरुस्त करून, सणाचे कपडे शिवून विकतात. मी घेतली ती दिवाळीची होती. जांभळी नऊवारी, सोनेरी काठ, नाकात नथ, हातात चिमुकली पणती. फोटोत तिच्या उजव्या हाताच्या करंगळीचं टोक तुटलेलं दिसत होतं, कुणाच्या तरी पोराने चावलं असणार. ते नीलिमाताईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून थोडी स्वस्तात मिळाली.

पार्सल हिंगोलीला आलं आणि तिथून जीपने गोरेगावात. जीपवाला दुपारी दुकानात टाकून गेला. आमचं दुकान पुढे आणि घर मागे आहे. गिऱ्हाईक नव्हतं, मिस्टर बाहेर गेले होते, म्हणून मी शटर अर्धं ओढून आत आले. पार्सल उघडताना व्हिडिओ काढायची आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनाच सवय आहे, फुटकं-तुटकं निघालं तर पुरावा लागतो. मोबाईल डब्याला टेकवून उभा केला आणि सुरू केलं. पाठवणाऱ्याने टेपवरून खोक्यावर निळ्या मार्करने सही केलेली होती. ती मी कॅमेऱ्याला नीट दाखवली. सही कुठेच तुटलेली नव्हती. हे मी आजही व्हिडिओत बघू शकते.

मामी माझ्या मागे खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी टेपला कात्री लावली आणि त्या म्हणाल्या,

“कुशी आली का?”

मला वाटलं शेजारी कुणी आलंय. मी मान न वळवताच विचारलं, “कोण कुशी, मामी?”

“हळू काप. तिच्या परकराला मागून ठिगळ हाय. पिवळं. लाल दोऱ्यानं लावलंय म्या, दुसरा दोराच नव्हता घरात.”

व्हिडिओत यानंतर माझं हसणं ऐकू येतं. “मामी, दिवाळीची बाहुली आहे यात, नऊवारी नेसलेली,” असं मी म्हणते आणि खोकं उघडते. वरचा कागद काढते. आणि मग व्हिडिओत फक्त पंख्याचा आवाज आहे.

खोक्यात हिरव्या परकर-पोलक्यातली बाहुली होती.

पहिल्यांदा मला राग आला, चुकीचा माल पाठवला म्हणून. मग हात बघितला. करंगळीचं टोक तुटलेलं. म्हणजे बाहुली तीच होती, कपडे दुसरे होते. केसांच्या दोन वेण्या घालून वर बांधलेल्या. परकर नवा नव्हता, धुऊन धुऊन विटतो तसा विटलेला, आणि खाली काठाला काळ्या मातीचे वाळलेले शिंतोडे. मी ती उलटी केली... मागे, कमरेच्या खाली, पिंपळाच्या पानाएवढंसुद्धा नाही, त्याहून लहान, एक पिवळं ठिगळ. लाल दोरा. टाके वेडेवाकडे.

मामींच्या डोळ्यांना तेवढ्या अंतरावरून खोकं आहे की उशी आहे हेही कळलं नसतं, आणि त्या बोलल्या तेव्हा तर खोकं बंद होतं.

“दे इकडं,” मामी म्हणाल्या. मी दिली. त्यांनी तोंडाकडे बघितलंच नाही. बोटं सरळ मागे गेली, ठिगळावर. मग काठाची माती त्यांनी नखाने थोडी खरवडली आणि म्हणाल्या, “चिखलात बसली असंल. सांगितलं व्हतं तिला.”

मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्या आयुष्यात माझ्याशी एवढं सलग कधी बोलल्या नव्हत्या. रडल्या नाहीत. शेंगा बाजूला सारल्या आणि एखादी साधी गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

कुशी म्हणजे कुशावर्ता. त्यांची पहिली लेक. मिस्टरांच्याही आधीची. तेव्हा हे सगळे मूळ गावी राहायचे, औंढा तालुक्यात, सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला. पंचमीचा सण होता. पोरी वारुळाला निघाल्या होत्या. कुशीचा परकर बोरीच्या काट्याला फाटलेला, आणि ती फाटका परकर घालून जायचं नाही म्हणून हटून बसली. मामींनी आपल्या जुन्या चोळीचा तुकडा कापला, हाताला लागला तो दोरा घेतला आणि ठिगळ लावलं.

“लई खूश झाली. मागं वळू वळू बघे. मोठ्या पोरींच्या मागं पळत गेली... त्या समद्या आल्या. ही न्हाई आली.”

“मग?”

“मग काय. विहिरी उपसल्या. ओढा बघितला. पाऊस व्हता, माग बी ऱ्हायला न्हाई. चप्पल बी घावली न्हाई, कारण पायात नव्हतीच.”

मी विचारलं, एवढ्या वर्षांत सांगितलं का नाही कुणाला? मामी म्हणाल्या, “तुझ्या मामंजीनं शपथ घातली व्हती.” आणि बाहुलीचा परकर सारखा करत बसल्या.

मिस्टर जेवायला आले तेव्हा मामींच्या मांडीवर बाहुली होती. मी त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांचा चेहरा उतरला, पण आधी ते माझ्यावरच चिडले. “वर्षा, तूच काही बोललीस का तिच्यापाशी? तुझ्या या बाहुल्यायचं खूळ...” मग आईकडे वळले. “माय, काहून असं बोलून राहिली तू? मला बहीण नव्हती.”

“व्हती,” मामी म्हणाल्या.

“मग मला कसं ठाव न्हाई?”

“तुला ठाव होऊ दिलं न्हाई.”

ते न जेवताच दुकानात जाऊन बसले.

मी नीलिमाताईंना फोन लावला. त्यांनी आधी माफी मागितली, मग म्हणाल्या, असं होणंच शक्य नाही, मी स्वतः पॅक केलंय. त्यांनी त्यांचा पॅकिंगचा व्हिडिओ पाठवला. त्यात जांभळी नऊवारी स्पष्ट दिसते. करंगळी दिसते. बाहुली खोक्यात ठेवतात, कागद घालतात, टेप लावतात, निळ्या मार्करने सही करतात. मध्ये कुठेही व्हिडिओ तुटलेला नाही. मी त्यांना माझा व्हिडिओ पाठवला. मग त्यांचा फोन आला तेव्हा आवाज बदललेला होता. “वर्षा, माझ्याकडे असलं कापडच नाहीये गं. आणि मी टाके मशीनवर घालते. तू पैसे परत घे, पण मला ती परत पाठवू नकोस.” मी पैसे घेतले नाहीत. त्यांनाही या प्रकाराचा त्रास झाला. त्यांनी पुढे बाहुल्या विकणं बंदच केलं.

मला काय वाटत होतं हे सांगायला हवं, कारण तुम्हीही तेच म्हणाल. वाटेत कुणीतरी खोकं उघडून कपडे बदलले? कशासाठी? सही न मोडता? आणि ठिगळाचा रंग, दोऱ्याचा रंग कुणाला माहीत होता? नीलिमाताईंचा व्हिडिओ खोटा आहे असं धरलं, तरी त्यांना आमच्या घरातली, आमच्या मिस्टरांनाही माहीत नसलेली गोष्ट कुठून कळणार?

मिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळीच मूळ गावी गेले. तिथे त्यांची चुलती आहे, गयाबाई, मामींच्याच वयाची. ते परत आले तेव्हा एकदम म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. गयाबाईंनी आधी उडवून लावलं, मग कबूल केलं. म्हणाल्या, “व्हती रे बाबा. तुझ्या बापानं समद्या गावाला शपथ घातली, नाव काढायचं न्हाई. तुझी माय येडी झाल्ती. कोनी म्हनलं अमक्या गावात पोरगी दिसली, की ही निघाली चालत. तू अंगावर पिता लेकरू, तुला घरी टाकून जायची. तू रडून रडून निळा पडायचा. म्हून तुझ्या बापानं बंद केलं समदं.”

मिस्टरांनी ठिगळाचं विचारलं. तर त्या म्हणाल्या, “आता ते मला काय ठाव? त्या वक्ती समद्याच लेकरायला ठिगळं व्हती.”

ती दिवाळी आमच्या घरात कशी गेली ते आम्हालाच माहीत. मी कपाटातले लाइट लावलेच नाहीत. बाहुली मामींजवळ होती. त्या तिला खेळवत नव्हत्या, बोलत नव्हत्या तिच्याशी, नुसती उशाशी ठेवलेली असायची. मिस्टर येता-जाता तिकडे बघायचं टाळायचे. मला मात्र, खोटं कशाला सांगू, मनात कुठेतरी असं वाटत होतं की चला, म्हातारपणी का होईना, त्यांना काहीतरी मिळालं. लेकीची खूण मिळाली. मला वाटलं त्यांचं मन हलकं होईल.

दिवाळी झाल्यावर एक दिवस सकाळी चहा घेताना मामी म्हणाल्या, “दत्ता, हिला गावाकडं न्यायची. शेतात. पुरायची.”

मिस्टरांनी कप खाली ठेवला. “काय बोलून राहिली माय? बाहुली हाय ती. कुशी कुठंतरी असंल. दुसऱ्या कोनी नेली असंल, सांभाळली असंल, लग्न होऊन नांदत असंल. आपल्याला काय ठाव?”

त्यांना खरंच असं वाटत होतं की आईला धीर द्यायचा म्हणून ते म्हणाले, मला माहीत नाही. मामींनी त्यांच्याकडे बघितलं. म्हणाल्या,

“जित्ती असती तर मोठी होऊन आली असती रे. एवढीच आली... त्याच परकरात आली.”

मिस्टर म्हणाले, कुणा महाराजांना तरी विचारू. मामी म्हणाल्या, लहान लेकराचं काय विचारायचं असतं, लहान लेकराला पुरतात.

आम्ही तिघंच गेलो. ऊन होतं, पण हवेत गारवा होता. आमच्या शेताच्या बांधावर उभं राहिलं की धरणाचं पाणी दिसतं, लांब काठावर कोळ्यांची जाळी वाळत घातलेली होती. मिस्टरांनी बांधाजवळ पळसाखाली खड्डा खणला. मामींनी घरून मीठ आणलं होतं, लहान लेकराला घालतात तसं. ते खाली पसरलं. बाहुली त्यांनी स्वतःच्या हाताने निजवली, परकर पायांपर्यंत नीट ओढला. मला वेड्यासारखं तेव्हा एवढंच सुचलं, की हे प्लॅस्टिक आहे, हे कुजणार नाही... आम्ही तिघं नसू तेव्हाही ती इथे अशीच असेल. मी तोंड फिरवलं. मिस्टर फावडं घेऊन उभे होते, पण त्यांचा हात चालेना. मग मामींनीच बसून ओंजळीने माती लोटली. मिस्टर त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि तेही हाताने लोटायला लागले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं, वडील गेले तेव्हाही ते रडले नव्हते. ज्या बहिणीला बघितल्याचं आठवतही नाही, तिच्यासाठी माणूस एवढा रडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

परत येताना गाडीत मामी मागच्या सीटवर माझ्याशेजारी होत्या. नखांत माती होती. औंढा मागे पडल्यावर त्या एकदम म्हणाल्या,

“दत्ता, आता म्या कोनाची वाट पाहू रे?”

तेव्हा मला कळलं, की आम्ही काय करून आलोय.

त्यानंतर मामी हळूहळू विझत गेल्या. आजार म्हणावा असा काही नाही. आधी भाकरी अर्धी झाली, मग दूधच. शेंगा समोर ठेवल्या तरी फोडायच्या नाहीत. मी औषधं विकणारी बाई, मी काय काय केलं नसेल? हिंगोलीला नेलं, नांदेडला नेलं, सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट वयाच्या मानाने चांगले आहेत, जेवायला घाला. जेवायला कसं घालायचं ते कुणी सांगितलं नाही. मी चमचा तोंडाशी नेला की त्या माझ्या समाधानासाठी एक घोट घ्यायच्या आणि माझा हात हळूच बाजूला करायच्या. एवढी वर्षं ही बाई कशावर जगत होती, हे मला तेव्हा समजलं. त्या शपथेने कुशीचं नाव बंद केलं होतं, वाट बघणं बंद केलं नव्हतं. आणि ते आमच्या घरात एका कुरिअरच्या खोक्यातून आलेल्या वस्तूने संपवलं.

संक्रांतीच्या आत मामी गेल्या. दुपारी, झोपेत. मी दुकानात एका आजोबांना बीपीच्या गोळ्या देत होते.

मी हे सगळं का लिहितेय? इथे बरेच जण लिहितात की मेलेली माणसं प्रेमाने येतात, निरोप घ्यायला येतात, आपल्याला सुटका मिळावी म्हणून येतात. मला ते मान्य करावंसं फार वाटतं. पण जे आलं ते कुशी होतं का? ते प्रेमाने आलं होतं का? की नुसतंच आलं होतं, ऊन-पाऊस येतो तसं, आणि कुणाचं काय होईल याच्याशी त्याला देणंघेणंच नव्हतं? मी दोन्ही व्हिडिओ कितीतरी वेळा पाहिलेत. मोबाईलची माहिती असलेल्या एका ओळखीच्या माणसालाही दाखवले. तो म्हणाला, यात काही जोडलेलं-कापलेलं दिसत नाही. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. नीलिमाताईंकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा, मात्र ‘योगायोग’ एवढं एकच लिहू नका... मी स्वतः तो शब्द बरेच दिवस तोंडात घोळवून पाहिलाय.

मामींच्या तेराव्याला मूळ गावची माणसं आली होती. आता शपथ घालणाराही नव्हता आणि पाळणारीही नव्हती, म्हणून मिस्टरांनी सगळ्यांसमोर गयाबाईंना विचारलं, “काकू, कुशी दिसायला कशी व्हती?” गयाबाई म्हणाल्या, सावळी होती, नाक चपटं, थेट दत्तासारखी. त्यांच्या शेजारी बसलेले एक म्हातारे म्हणाले, छे छे, गोरीपान होती, आईवर गेलेली. मग गयाबाईच म्हणाल्या, “न्हाई रे बाबा, मला बराबर याद न्हाई. म्या दुसऱ्याच कोनाची पोरगी सांगून राहिले वाटतं.”

फोटो तर त्या काळी काढलेलाच नव्हता. मिस्टर मान हलवत राहिले, जेवायला बसलेल्यांना वाढायला उठले. संध्याकाळी सगळे गेल्यावर ओसरीत भांडी आवरताना ते मला म्हणाले, “मायला विचारायला पाहिजे व्हतं गं.”

विचारायला आमच्याकडे सबंध दिवाळी होती.